शेजारच्या आजोबांची १९६९ ची बॉनव्हिल घ्यावी का?

प्रश्न लांब होता, म्हणून आधी त्याचं सार सांगतो. विचारणारे मूळचे नाशिकचे, सात वर्षांपासून लेस्टरला आयटीत नोकरीला. शेजारी ऐंशीच्या घरातले एक इंग्रज आजोबा आहेत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये १९६९ ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२० उभी आहे. गुडघा साथ देत नाही म्हणून ती विकायची आहे, आणि 'दलालाला देण्यापेक्षा तुला देतो' असं ते म्हणतायत. ऑफिसातले मित्र मात्र सांगतात की जुनी ब्रिटिश मोटरसायकल म्हणजे खाली ऑइलचं तळं, दर रविवारी हातात पाना आणि अंधार पडला की लाइट गुल. 'मग लोक या गाड्यांवर एवढा जीव का टाकतात, आणि मी ती घेऊ का?'

मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर मी काम शिकलो, काकांच्या बुलेटवर हात काळे केले, आणि गेली सत्तावीस वर्षं कॉव्हेंट्रीत आहे. नोकरी मशीन शॉपमध्ये. घरामागच्या शेडमध्ये पंधराएक वर्षांपासून फक्त जुन्या ट्रायम्फ आणि बीएसए या ब्रिटिश मोटरसायकली येतात. माझ्या घरापासून थोड्या अंतरावर मेरिडनचा ट्रायम्फ कारखाना होता. आज तिथे घरं आहेत आणि एका गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर मला नाद आहे. त्यामुळे माझं बोलणं थोडं चाळून घ्या.

तुमच्या प्रश्नात एक तिसरा प्रश्न लपलेला आहे: ही गाडी मला झेपेल का? उत्तर तिथेच आहे. पण आधी मित्रांनी सांगितलेल्या गोष्टींकडे बघू, कारण त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. फक्त त्यांची कारणं कुणी सांगत नाही.

सुरुवात ऑइलपासून. बॉनव्हिलच्या इंजिनात दोन पिस्टन शेजारी-शेजारी असतात, पण ते आळीपाळीने वर-खाली होत नाहीत. दोन्ही एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात. खाली येताना त्यांच्या पोटाखालची हवा दाबली जाते. ६५० सीसीच्या इंजिनात ही जवळपास ६५० सीसी हवा आणि मिनिटाला काही हजार वेळा. ती बाहेर सोडायला ब्रीदर असतो. तो चोंदला, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून वरचा गॅस खाली उतरायला लागला, की आतला दाब वाढतो आणि ऑइल फट दिसेल तिथून बाहेर पडतं. फटींना तोटा नाही. क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) उभी चिरलेली, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन भाग, आणि त्यांचा सांधा थेट तळातून जातो. ऑइलही नेमकं तिथेच. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडच्या नळ्यांखालची रबरं, त्यांच्या वरच्या रॉकर बॉक्सची पॅकिंग, टॅपेटची चार झाकणं हे आणखी वेगळं. ती झाकणं तर थरथरीने सैल होऊन रस्त्यात पडून जायची. माझ्या शेडमध्ये त्यांचा एक डबाच आहे.

याच १९६९ साली होंडाची सीबी७५० बाजारात आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबलं की सुरू, आणि क्रँककेस आडवी कापलेली, त्यामुळे सांधा ऑइलच्या वर. तुम्हाला मिळणारी गाडी ज्या वर्षी बनली त्याच वर्षी ती जुनाट ठरली. तिची मूळ आखणी एडवर्ड टर्नरच्या १९३७ च्या स्पीड ट्विनची आहे, ५०० सीसीची. तेव्हा ती क्रांतिकारक होती. पुढची तीस वर्षं ट्रायम्फने तेच इंजिन मोठं केलं, जास्त पिळलं, दोन कार्बोरेटर लावले, पण सांधे तसेच ठेवले.

तरीही, शेडमध्ये आलेल्या बहुतेक गळक्या गाड्यांत दोष टर्नरचा नसतो. मधल्या पन्नास वर्षांतल्या कुणाचा तरी असतो. पॅकिंग निघत नाही म्हणून सांध्यात पेचकस घालून उचकटलेलं असतं आणि कडेला चरा पडलेला असतो. मग त्या चऱ्यावर सिलिकॉन थापतात. बाहेर आलेलं सिलिकॉन दिसतं, आत दाबलं गेलेलं दिसत नाही. त्याचा तुकडा सुटून ऑइल पंपाच्या गोळीखाली अडकला तर इंजिनाला ऑइल मिळणं बंद. मी काय करतो? जाड काचेवर पॉलिश पेपर पसरतो आणि रॉकर बॉक्सची कड घासून सपाट करतो, अख्खी कड एकसारखी चमकेपर्यंत. ब्रीदर साफ करतो. नवी पॅकिंग बसवतो, बोल्ट आवळतो आणि गाडी शंभर मैल चालवून पुन्हा आवळतो. एवढं केलेली बॉनव्हिल गळत नाही असं म्हणणार नाही. घाम येतो म्हणा. खाली पुठ्ठा टाकायचा, विषय संपला.

लाइटचं म्हणाल तर विजेचे भाग बनवणाऱ्या ल्युकास कंपनीला इथे 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. विनोद जुना आणि अर्धाच खरा आहे. दोन पिस्टन एकदम वर-खाली होत असल्यामुळे हे इंजिन खूप थरथरतं. त्या थरथरीत बल्बची तार तुटते, वायरीचे सांधे सैल होतात. त्यातून या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. आजच्या सवयीचा माणूस बॅटरी उलटी जोडतो, काहीतरी जाळतो आणि शिव्या ल्युकासला घालतो. नवी वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं की तक्रार जवळपास संपते. आजोबांनी ते टाकलंय का, विचारा.

आता एक गोष्ट, जी तुमच्या मित्रांनी सांगितली नाही आणि जिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. या क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, पोटात एक नळी असते, तिला स्लज ट्रॅप म्हणतात. ऑइल तिच्यातून बिग एंडच्या, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या, बेअरिंगकडे जातं, आणि क्रँक फिरताना ऑइलमधला गाळ बाहेरच्या भिंतीवर फेकला जाऊन तिथे जमतो. इंजिनात आजच्यासारखा कागदी फिल्टर नाही, फक्त जाळ्या आहेत. म्हणजे ही नळीच फिल्टर. अडचण अशी की ती साफ करायची तर इंजिन पूर्ण उघडून क्रँक बाहेर काढावा लागतो, आणि तिचं तोंड बंद करणारा प्लग बहुधा गरम केल्याशिवाय हलत नाही. मी अशा नळ्या उघडल्यात ज्यात बोटभर काळा, मेणासारखा थर होता आणि ऑइलला जायला सुईएवढी वाट उरली होती. बाहेरून गाडी शोरूममध्ये ठेवण्यासारखी, क्रोम चकाचक. आठशे मैलांत बिग एंड गेलं असतं.

म्हणून आजोबांना एकच तांत्रिक प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: इंजिन शेवटचं पूर्ण कधी उघडलं होतं आणि तेव्हा स्लज ट्रॅप साफ केला का? त्यांनी वर्ष सांगितलं, बिलांची फाइल काढली, तर गाडीची किंमत माझ्या मते तिथेच ठरली. 'इंजिन कधी उघडलंच नाही, एकदम मस्त चालतं' असं अभिमानाने सांगितलं, तर त्या कामाचा खर्च धरून भाव करा. दुसऱ्याकडून करून घेतलं तर तो गाडीच्या निम्म्या किमतीपर्यंतही जाऊ शकतो.

एवढं सगळं असताना लोक जीव का टाकतात? खरं सांगायचं तर सगळ्यांचं कारण एक नाही. आजोबांच्या पिढीचं कारण सरळ आहे, त्यांचं तारुण्य त्या सीटवर गेलं. पण यात थोडी फसवणूकही आहे. याच पिढीकडे लग्न झाल्यावर मिनी गाडीचे पैसे जमले आणि तिने मोटरसायकल विकून टाकली. पावसात, थंडीत रोज कामावर जायला दुसरं काही नव्हतं तोवर मोटरसायकल ही गरज होती, आणि गरजेच्या वस्तूवर कुणी कविता करत नाही. गरज संपली, कारखाने बुडाले, पोरं मोठी झाली, मग प्रेम आलं. मोटरसायकलवाल्या पोरांचा अड्डा असलेला उत्तर लंडनमधला एस कॅफे १९६९ मध्ये बंद पडला आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या बत्तीस वर्षांत तिथल्या पोरांचे केस पांढरे झाले होते.

मला ते तारुण्य नव्हतं. मी आलो तोवर मेरिडन जमीनदोस्त झालं होतं. माझं कारण वेगळं आहे आणि कदाचित तुमच्याही उपयोगाचं आहे. काही वर्षांपूर्वी डर्बीशरच्या एका घाटात माझी गाडी फटफट करत बंद पडली. पेट्रोल होतं, प्लगवर ठिणगी अशक्त. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचं झाकण उघडलं तर अंतर जवळजवळ मिटलेलं. ते पंधरा थाऊ हवं, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचे पंधरा. गेज घरी राहिलं होतं. खिशात एका चहाच्या दुकानाचं कार्ड होतं. त्याची जाडी साधारण तेवढीच भरते. कार्ड सरकवलं, स्क्रू आवळला, दुसऱ्या किकला गाडी चालू. या वीस मिनिटांत तिथे तीन माणसं थांबली. त्यातल्या दोघांनी काडीची मदत केली नाही, फक्त आपापल्या जुन्या गाडीची गोष्ट सांगितली.

मला आवडतं ते हे. या गाडीचा बिघाड लपून बसत नाही. तो ऐकू येतो, बोटाला लागतो, नाकाला कळतो, आणि ज्या अवजारांनी गाडी बनली त्याच अवजारांनी दुरुस्त होतो. उद्यमनगरात माझ्या मिस्त्रींनी शिकवलेलं सगळं इथे जसंच्या तसं चालतं. माझ्या कारमध्ये पिवळा दिवा लागला की मला काहीही कळत नाही, मी फोन उचलतो. बॉनव्हिलने मला आजवर असं परकं केलेलं नाही. पण हाच गुण एखाद्याला कटकट वाटेल आणि तो माणूस चुकीचा नाही. माझ्या मुलाला ती कटकटच वाटते.

दुसरं कारण माणसांचं. ट्रायम्फचा मेरिडन कारखाना १९८३ मध्ये बुडाला, तरी त्याच्या गाडीचा जवळपास प्रत्येक भाग आज नवा मिळतो. हिच्यावर असतात ते अमल कार्बोरेटर अजून बनतात. हे कुठल्या कंपनीच्या कृपेने झालेलं नाही. क्लबातल्या लोकांनी साचे सांभाळले, मापं काढली, छोट्या वर्कशॉपना ऑर्डरी दिल्या. व्हिंटेज मोटर सायकल क्लब १९४६ पासून आहे, ट्रायम्फ ओनर्स क्लब त्यानंतर तीन वर्षांनी. तुमच्या जवळच्या शाखेच्या पबमधल्या बैठकीला एकदा जाऊन बसा. अर्धा तास गप्प ऐकलंत तर दहा पुस्तकांचं काम होईल. सावळा चेहरा बघून सुरुवातीला कुणी विचारेलही, 'इंडियात एनफिल्ड असते ना?' त्यावर न चिडता बुलेटचं सांगा. इथल्याच रेडिच गावात जन्मलेली ती गाडी मद्रासला १९५५ पासून बनते आणि गावच्या कारखान्यानंतरही जगली, हे इथल्या म्हाताऱ्यांना फार भावतं. टेबलावर जागा होते.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. रोज ऑफिसला न्यायची असेल तर घेऊ नका. दुसरं वाहन नसेल तरी घेऊ नका. बंद, कोरडी जागा नसेल तर एका हिवाळ्यात क्रोम सोलून निघेल. फक्त त्या टाकीचा आकार आणि ते नाव हवं असेल तर आजच्या, नव्याने उभ्या राहिलेल्या ट्रायम्फचा विचार करा. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारी स्पीड ४०० ही सुद्धा ट्रायम्फच, आणि तिचं ऑइल आतच राहतं. यात कमीपणा काही नाही. पण आठवड्याला दोन-तीन तास द्यायची तयारी असेल, आणि गाडी अधूनमधून रुसली तर घरात भांडण होणार नसेल, तर पुढे वाचा.

हात बसलेले नसतील तर एक गोष्ट आधी शिकून घ्या. हिचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला आहे. आमच्या पिढीला जुन्या बुलेटमुळे हे अंगवळणी होतं, तुमच्या पिढीला नसेल. दहा वर्षं चालवून झाल्यावरही एकदा मी गोल चक्कराच्या तोंडाशी घाईत ब्रेक समजून गिअर दाबला आणि समोरच्या व्हॅनच्या मागे हातभर अंतरावर थांबलो. पहिला महिना रिकाम्या रस्त्यावर काढा. पुढचा ब्रेक ड्रमचा आहे. १९६८ पासून तो बराच सुधारला, तरी डिस्कची सवय असलेल्याला आधी धक्का बसतो.

पान्यांचंही तसंच. या वर्षीच्या गाडीत काही आटे अमेरिकन युनिफाइड मापाचे, काही जुन्या ब्रिटिश सायकल आणि व्हिटवर्थ मापाचे, एकत्र. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचं माप सांगत नाही, बोल्टच्या जाडीचं सांगतो. तुमच्या मेट्रिक पान्यांपैकी एखादा 'जवळजवळ' बसेल आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवेल. जुन्या अवजारांच्या बाजारात चांगला सेट घ्या. आजोबा गाडीबरोबर स्वतःचे पाने देत असतील तर घासाघीस थांबवा आणि हो म्हणा.

कागदपत्रांचं लवकर उरकतो. गाडी चाळीस वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद असेल तर रोड टॅक्स लागत नाही, आणि फारसे बदल केलेले नसतील तर २०१८ पासून एमओटी ही वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. तरी मी दरवर्षी करून घेतो. दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांना आपल्याला न दिसणारं दिसतं. इंजिनावरचा आणि फ्रेमवरचा नंबर सारखा आहे का बघा, आणि तोच नोंदणीच्या कागदावर आहे का तेही. १९६९ च्या हंगामात ट्रायम्फने नंबराची पद्धत बदलली. आधी दोन अक्षरं, एक महिन्याचं आणि एक हंगामाचं, मग आकडे. त्याच सुमारास इंजिनावर नंबर मारायच्या जागी बारीक ट्रायम्फ असा ठसा आला, म्हणजे कुणी नंबर घासून नवा मारला तर ठसाही पुसला जातो. सुरुवातीच्या काही गाड्यांवर 'डीयू' अक्षरांनी सुरू होणारी जुनीच पद्धत असते, त्यामुळे ती दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नका. शंका असेल तर व्हिंटेज क्लबकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत, तिथून खात्री होते. यातल्या पुष्कळ गाड्या तेव्हा अमेरिकेला गेल्या आणि नंतर परत आल्या. तशी निघाली तर वाईट काही नाही, पण भाव करताना माहीत असावं.

पेट्रोल महागातलं, ई५ (इथेनॉल पाच टक्क्यांपर्यंत) लिहिलेलं घाला. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत आहे, आणि जुन्या रबरांना व कार्बोरेटरला ते मानवत नाही. हिवाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

आणि घेतलीत तर एक विनंती. लगेच रंग, क्रोम, पॉलिश करायला देऊ नका. आजोबांच्या गुडघ्यांनी टाकीचा रंग जिथे उडालाय तिथे तो उडालेलाच राहू द्या. चकाचक केलेल्या बॉनव्हिल पोत्याने मिळतात. एका माणसाने पन्नास वर्षं वापरलेली, त्याच्या हातच्या नोंदीसकट, एकच असते. पैसे टायर, केबल, ब्रेक आणि इंजिनाच्या आतल्या कामावर घाला.

बघायला जाताना आजोबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा, ते थंडगार हवं. गरम इंजिन बरेच दोष लपवतं. मग त्यांना सांगायला लावा आणि किक तुम्ही मारा. दोन्ही पेट्रोल कॉक उघडा. दोन्ही कार्बोरेटरचे टिकलर, म्हणजे आत पेट्रोल भरायची छोटी बटणं, पेट्रोल बोटाला लागेपर्यंत दाबून धरा. क्लच दाबून एक-दोन किक मारा, म्हणजे चिकटलेल्या प्लेटा सुटतात. मग इग्निशन लावा आणि एकच लांब किक, अंगाचं वजन टाकून, पायाने लाथ मारल्यासारखी नको. चालू झाली की ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून आत बघा, परत येणारं ऑइल उडताना दिसायला हवं. मिनिटभरात दिसलं नाही तर लगेच बंद करा. वरून शिलाई मशीनसारखा टकटक आवाज येईल, तो टॅपेटचा, त्याची काळजी नको. खालून, पोटातून, जड ठकठक आली तर घरी या आणि मला लिहा. निळा धूर थोडा वेळ चालेल, गाडी गरम झाल्यावरही येत राहिला तर भावात धरा.

आणि जाताना जुने बूट घाला. टिकलर दाबला की पेट्रोल बुटावरच सांडतं.